जुने ते सोने, पण किती जुने?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘जुने ते सोने’ ही म्हण वापरणाऱ्याला सोन्याविषयी काही सांगायचे नसते. त्याला जुनी माणसे, जुनी गाणी, नाहीतर जुन्या वाड्याची सागवानी दारे आठवत असतात. सोने जुने असते हे म्हणीने गृहीतच धरले आहे. पण एखाद्या चौकस पोराने विचारले, की सोने जुने म्हणजे नेमके किती जुने, तर काय सांगाल? आजीच्या पाटल्या ऐंशी वर्षांच्या असतील. त्या ज्या सोन्याच्या घडवल्या ते त्याआधी कुणाच्या तरी पुतळ्यांच्या माळेत असेल, त्याही आधी एखाद्या मोहरेत. सोनाराच्या कसोटीवर कस कळतो, वय कळत नाही. शंभर नंबरी सोने कालचे असो की सातवाहनांच्या काळातले, काळ्या दगडावर रेघ सारखीच उमटते.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध वाचनापुरता. तरी हा विषय बोलायला घेतला तो एका कारणाने. आम्ही कवी लोक ‘युगे’, ‘कल्पांत’, ‘अनादि काळ’ असे शब्द सुपारीसारखे चघळत असतो. त्या शब्दांमागे एकही आकडा नसतो. गेल्या सव्वाशे वर्षांत काही माणसांनी मात्र युगे खरोखर मोजली. ती कशी मोजली, आणि सोन्यापाशी आल्यावर त्यांची किती दमछाक झाली, हा इतिहास मला एखाद्या चांगल्या कवितेइतकाच ओढून घेतो.

आपल्या जवळच्याच एका खाणीपासून सुरुवात करू. रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टी नावाचे गाव आहे. आज ते कर्नाटकात आहे. पण १९५६ पर्यंत रायचूर आणि आमचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते. हट्टीची कंपनीही १९४७ साली ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ या नावानेच उभी राहिली. ही खाण आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपन्यांचे लोक या भागात सोने शोधायला आले, तेव्हा त्यांना कुणीतरी फार पूर्वीच खणून ठेवलेली भुयारे सापडली. काही तर जवळजवळ दोनशे मीटर खोल. सुरुंगाची दारू नव्हती त्या काळात ही माणसे दगडाला भिडवून जाळ करीत, दगड लाल तापला की त्यावर पाणी ओतीत, आणि तडकलेला दगड फोडून वर आणीत. पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी या जुन्या खाणकामावर तपशिलाने लिहिले आहे. जवळच मस्की आहे. १९१५ साली सी. बीडन या सोन्याच्या खाणींच्या अभियंत्यालाच तिथला अशोकाचा शिलालेख सापडला. ‘देवानांप्रिय’ म्हणवणारा राजा म्हणजे अशोकच, हे त्या लेखातल्या नावामुळे पक्के झाले. म्हणजे सोने शोधायला गेलेल्या माणसाला इतिहास सापडला! मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

हट्टीच्या जुन्या खोदकामात लाकूड शिल्लक होते. त्याचे वय कार्बनच्या पद्धतीने काढले गेले. ते सुमारे दोन हजार वर्षे निघाले. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. दोन हजार वर्षे हे लाकडाचे वय, म्हणजे फार तर माणसाने खाण खणल्याचे वय. सोने त्या दगडात केव्हा येऊन बसले, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कार्बनचे घड्याळ जिवंत असलेल्या, म्हणजे एके काळी श्वास घेतलेल्या वस्तूंनाच लागू पडते. शिवाय त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे. पन्नासएक हजार वर्षांच्या मागे गेले की त्या घड्याळात वाचण्यासारखे काही उरत नाही. वर्तमानपत्रांत कुठल्याही जुन्या वस्तूला ‘कार्बन डेटिंग’ करून टाकायची जी रीत पडली आहे, ती दगडांच्या बाबतीत अगदी निरुपयोगी आहे.

दगडांची घड्याळे वेगळी. ती सापडली कशी ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन या मोठ्या शास्त्रज्ञाने पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी निवत आली असे धरून हिशेब मांडला होता. १८६२ साली त्याने २ ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादा घातली; १८९७ मध्ये ती आवळून २ ते ४ कोटींवर आणली. भूशास्त्रज्ञ हळहळले. त्यांना दिसणारे थर एवढ्या थोड्या वर्षांत बसणारे नव्हते. पण केल्व्हिनच्या गणितापुढे बोलायचे कुणी? मग किरणोत्सर्गाचा शोध लागला. १९०४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रदरफर्डचे व्याख्यान होते. समोर ऐंशीच्या घरातले केल्व्हिन बसलेले. रदरफर्डने पुढे आठवण सांगितली आहे, की म्हातारबोवांना आधी डुलकी लागली होती, आणि नेमका पृथ्वीच्या वयाचा मुद्दा निघाला तसे त्यांनी डोळे उघडले. रदरफर्डने वेळ मारून नेली: उष्णतेचा नवा झरा सापडला नाही तर आपला हिशेब खरा, असे केल्व्हिननी म्हणून ठेवलेच होते, तो झरा आता सापडला आहे. वृद्ध गुरुजनांना न दुखवता खोडून काढायची ही तऱ्हा आपल्याकडच्या साहित्य संमेलनांतही कुणी शिकून घ्यावी.

झरा म्हणजे किरणोत्सर्ग. युरेनियम आपोआप तुटत तुटत शेवटी शिसे होते. किती वेगाने होते ते ठरलेले. उष्णता, दाब, आम्ल, काहीही केले तरी तो वेग बदलत नाही. लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र ठेवायची पद्धत होती. भोकातून पाणी ठरलेल्या वेगाने आत येते. वाटी बुडाली की एक घटका. किरणोत्सारी घड्याळ तसेच; फरक इतकाच, की ते निम्म्यानिम्म्याने रिकामे होते. युरेनियमच्या एका प्रकाराचे निम्मे व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसऱ्या प्रकाराचे ७० कोटी. दगडात आता किती युरेनियम आहे आणि त्यापासून झालेले शिसे किती आहे, हे मोजले की घड्याळ केव्हा सुरू झाले ते कळते. अमेरिकेत बोल्टवुडने १९०७ साली अशी काही खनिजांची वये काढली. ती ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंत गेली. इंग्लंडात आर्थर होम्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९११ साली नॉर्वेच्या एका दगडाचे वय ३७ कोटी वर्षे सांगितले. ही पहिली मापे कच्ची होती. शिशाचेही अनेक प्रकार असतात, म्हणजे समस्थानिक, हे तेव्हा माहीतच नव्हते. ते कळल्यावर आणि अणूंना वजनानुसार वेगळे करणारी यंत्रे आल्यावर हिशेब नेटका झाला. १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. तो आकडा आजही जवळजवळ तसाच आहे.

इथवर सगळे सुरळीत वाटते. अडचण सोन्यापाशी येते. निसर्गातल्या सोन्याचा एकच प्रकार असतो, वजन १९७, आणि तो कायमचा स्थिर. तुटत नाही, दुसरे काही होत नाही. सोन्याला लोक ज्या गुणासाठी जपतात, गंजत नाही, बदलत नाही, तोच गुण त्याचे वय विचारणाऱ्याला नडतो. जे बदलत नाही त्याच्यात घड्याळ असत नाही. सोन्याचा अणू म्हणाल तर तो पृथ्वीहूनही जुना. मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीत असे जड अणू तयार होतात याचा पुरावा २०१७ साली दुर्बिणींना मिळाला. आपला प्रश्न मात्र त्या जन्माचा नाही. हे सोने हट्टीच्या दगडातल्या भेगेत केव्हा वस्तीला आले, एवढाच आहे. आणि त्यासाठी सोन्याला नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांना विचारावे लागते.

शेजारी कोण ते कळायला सोने भेगेत येते कसे ते पाहावे लागेल. सोने अम्लराजात विरघळते हे आपण शाळेत शिकलो. पण जमिनीखाली पाच-दहा किलोमीटरवर, अडीचशे ते चारशे अंश तापलेल्या पाण्यात गंधक मिसळलेला असेल तर सोने त्यातही विरघळते, अगदी थोडे. डोंगर घडताना खोलवरचे खडक भाजून निघतात तेव्हा त्यांच्यातले पाणी सुटते आणि मोठ्या भ्रंशांच्या वाटेने वर येऊ लागते. वर येताना त्याला लोहयुक्त खडक भेटला तर लोह गंधक ओढून घेते. पिवळे चमकदार पायराइट तयार होते, आणि गंधकाचा आधार सुटलेले सोने तिथेच खाली बसते. कधी भूकंपाने भेग एकदम उघडते, दाब पडतो, पाण्यातली सिलिका गारगोटी होऊन थिजते आणि तिच्याबरोबर सोने. म्हणून सोन्याच्या खाणीत पांढऱ्या गारगोटीच्या शिरा दिसतात. गारगोटी दाबली की तिच्यात वीज उत्पन्न होते. भूकंपाच्या हिसक्यांनी होणाऱ्या त्या विजेमुळे सोन्याचे कण एकाच जागी साचून मोठे गोळे होत असावेत, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२४ साली प्रयोगाने दाखवले. या उष्णजलीय ठेवींची पद्धतशीर वर्गवारी वाल्डेमार लिंडग्रेन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात केली. त्याच्याआधी साडेतीनशे वर्षे जर्मनीत आग्रिकोला याने धातूंच्या शिरा जमिनीतल्या वाटांनी फिरणाऱ्या रसांमुळे होतात असे म्हणून ठेवलेले होतेच.

तर गरम पाणी सोन्याबरोबर आणखी बरेच काही आणून ठेवते. त्यातल्या काहींच्या पोटात घड्याळ असते. गॅलेना हे शिशाचे खनिज घ्या. त्यात युरेनियम नसते, म्हणून ते तयार झाले तेव्हा जे शिसे होते तेच त्यात गोठून राहते. हट्टी, कोलार, ऑस्ट्रेलिया, कुठलेही गॅलेना घेतले तरी त्यातल्या शिशाच्या प्रकारांचे प्रमाण त्याचा अंदाजी काळ सांगते. होम्स आणि हाउटरमान्स यांनी १९४६ साली एकमेकांना न कळता एकच हिशेब मांडला. पण हा अंदाजच. त्यात पाच-दहा कोटी वर्षे सहज इकडची तिकडे होतात.

दुसरा शेजारी अभ्रक. त्यात पोटॅशियम असते. पोटॅशियमचा एक प्रकार १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो आणि त्यातून आर्गॉन वायू सुटतो. अभ्रकाच्या पानांत तो कोंडून राहतो. मोजला की वय मिळाले. फक्त एक गोम आहे. अभ्रक ३५०-४०० अंशांच्या वर तापले की झाकण उघडते आणि आर्गॉन निघून जातो. घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे सोने आल्यावर शंभर कोटी वर्षांनी त्या भागात पुन्हा आग पेटली, तर अभ्रक आपल्याला सोन्याची नव्हे, त्या आगीची तारीख सांगेल. साक्षीदार खोटे बोलत नाही. त्याने जे शेवटचे पाहिले तेच तो सांगतो. आपण त्याला भलताच प्रश्न विचारला हा दोष आपला.

कोलारच्या बाबतीत हे समजून घेण्यासारखे आहे. कोलार ही आपल्याकडची सर्वांत नावाजलेली सोन्याची खाण. १८०२ साली लेफ्टनंट वॉरनने तिथल्या गावकऱ्यांना माती धुऊन सोने काढताना पाहिले. १८७५ नंतर मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने परवाना मिळवून खाणीची मुहूर्तमेढ रोवली, आणि पुढे जॉन टेलर कंपनीने ती तीन किलोमीटरहून खोल नेली. शिवनसमुद्रहून तारा ओढून १९०२ साली तिथे वीज आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली याच खाणीच्या पोटात, दोन किलोमीटरहून खाली, आकाशातून येणारे न्यूट्रिनो टिपले. सुमारे ८०० टन सोने देऊन खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या त्या काळोखात उतरलेल्या कामगारांची घरे, दवाखाने, शाळा सगळे एका तारखेवर थांबले.

या कोलारच्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांच्या खडकांची वये क्रॉगस्टॅड, हॅन्सन आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले राजमणी यांनी १९८०च्या दशकात काढली. पश्चिमेचे खडक २६३ ते २५५ कोटी वर्षांचे, पूर्वेचे २५३ कोटींचे, आणि दोन्हींचा पूर्वेतिहास वेगळा. म्हणजे दोन वेगळे भूखंड एकमेकांना येऊन भिडले आणि मधल्या सांध्यात कोलारचा पट्टा चिरडला गेला, असा अर्थ त्यांनी लावला. सांध्यातल्या अभ्रकाने आर्गॉनच्या घड्याळाने २४२ कोटी वर्षे सांगितली. सोने तेव्हा आले का? तसे म्हणता येत नाही. सांधा घट्ट होऊन, निवून, झाकण बसले ते तेव्हा, एवढेच म्हणता येते. सोने त्याआधीचे असू शकते. कोलारच्या बाबतीत जे कुणी अभ्रकाच्या आकड्यालाच सोन्याची जन्मतारीख म्हणून टाकतात, ते निकालपत्राऐवजी साक्षीचे पानच वाचून दाखवतात.

मग भरवशाचा शेजारी कोण? त्याचे नाव मोनाझाइट. केरळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आपल्याला थोरियममुळे माहीत आहे. त्याच वाळूतले हे खनिज. सोन्याच्या शिरेतही ते असते, पण डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक कणांत. त्यात युरेनियम आणि थोरियम असते, तयार होताना शिसे जवळजवळ नसते, आणि अभ्रकासारखे ते सहजी झाकण उघडत नाही. अडचण आकाराची होती. कण वितळवून मोजायचा म्हटले तर त्यातला जुना गाभा आणि नंतर चढलेले कवच एकत्र होऊन भलताच मधला आकडा यायचा. यावर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत बिल कॉम्पस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास एक यंत्र उभे केले. विद्युतभारित अणूंचा झोत कणाच्या एकाच ठिपक्यावर मारायचा, केसाच्या जाडीहून बारीक ठिपका, आणि तिथून उडालेले अणू वजनावारी मोजायचे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून लोक त्याला ‘श्रिम्प’ म्हणतात. श्रिम्प म्हणजे कोळंबी. यंत्र मात्र एक अख्खी खोली भरेल एवढे. शास्त्रज्ञांच्या विनोदबुद्धीवर शंका घेणाऱ्यांसाठी ही नोंद.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले श्रीनिवास शर्मा आणि त्यांचे भारतीय व ऑस्ट्रेलियन सहकारी यांनी हट्टीच्या शिरेतले, सोन्याच्या संगतीने वाढलेले मोनाझाइटचे कण या यंत्राखाली घातले. २००८ साली निकाल छापला. सोने ज्या खडकांत आहे त्या ज्वालामुखी खडकांचे वय २५८.७ कोटी वर्षे. सोन्याच्या शिरेचे २५४.७ कोटी, एक कोटी इकडे किंवा तिकडे. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो ६.६ कोटी वर्षांचा. हट्टीचे सोने त्याच्या अडतीस पट जुने आहे. ते भेगेत आले तेव्हा जमिनीवर गवताचे पातेही नव्हते, समुद्रात मासा नव्हता, हवेत आपल्या उपयोगाचा प्राणवायू नव्हता.

पण या निकालातला खरा आकडा २५४.७ नव्हे. खरा आकडा वजाबाकीचा आहे: चार कोटी. खडक आधी, सोने चार कोटी वर्षांनी. दक्षिणेतल्या या सोन्याबद्दल जुना वाद होता. एक मत असे, की समुद्रतळाशी ज्वालामुखी धुमसत होते तेव्हाच लाव्ह्याच्या थरांबरोबर सोनेही साठले. दुसरे असे, की थर आधी झाले, घड्या पडल्या, भ्रंश फाटले, आणि मग खालून पाणी सोने घेऊन आले. हा वाद पुस्तकी नाही. पहिले मत खरे असेल तर सोने शोधणाऱ्याने थराच्या मागे जावे. दुसरे खरे असेल तर भ्रंशाच्या मागे. शेकडो मीटर खोल भोक पाडायला पैसा लागतो आणि चुकीच्या जागी पाडले तर तो मातीत जातो. हट्टीच्या कणांनी कौल दुसऱ्या मताच्या बाजूने दिला. पुढे गदग आणि अज्जनहळ्ळीच्या सोन्याचीही वये याच रीतीने काढली गेली. ती २५२ कोटींच्या आसपास आली. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या खाणी, आणि सोने आल्याचा काळ जवळजवळ एकच.

आता सगळ्यांत मोठ्या भांडणाकडे येतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ विटवॉटर्सरँड. १८८६ साली तिथे सोने सापडले आणि उघड्या माळावर शहर उभे राहिले. आजवर सुमारे पन्नास हजार टन सोने तिथून निघाले. जगात आजपर्यंत काढलेल्या सगळ्या सोन्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. पण तिथे गारगोटीच्या शिरा नाहीत. सोने आहे ते प्राचीन नदीच्या गोट्यांच्या थरात, जो पुढे दडपून दगड झाला. मग हे सोने नदीने वाहून आणले की नंतर गरम पाण्याने थरात घुसवले? १९३० साली लुई ग्रॅटन या अमेरिकी प्राध्यापकाने गरम पाण्याची बाजू हिरिरीने मांडली, आणि तेव्हापासून दोन तट पडले ते आजपर्यंत.

नदीची बाजू मला समजते, कारण तिचा धंदा मी पाहिला आहे. आमच्याकडे झारेकरी म्हणून लोक आहेत. सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट, गटारातला गाळ ते विकत घेतात, आणि परातीत पाण्याने धूत बसतात. माझ्या आईच्या नात्यातले एक मामू हे काम करायचे. माती पाण्याबरोबर काठावरून निघून जाते, जड ते तळाशी राहते. सोने मातीच्या सातपट जड. मामू म्हणायचे, “बेटा, पाण्याला सोनं उचलत नाही, म्हणून आपली भाकरी चालते.” नदी हेच करते, फक्त लाखो वर्षे. विटवॉटर्सरँडच्या थरात सोन्याबरोबर दुसरे जड कणही सापडतात आणि जुन्या प्रवाहांच्या वळणांनुसार सोन्याचे प्रमाण कमीजास्त होते. नदीवाल्यांचे म्हणणे इतके सरळ आहे.

पाणीवाल्यांचे म्हणणेही टाकाऊ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिथले सोने नदीत घासून गोल झालेले क्वचितच दिसते. ते भेगांत, नंतर वाढलेल्या खनिजांच्या फटींत, कोळशासारख्या काळ्या पदार्थाच्या धाग्यांत शिरलेले दिसते. थर तयार झाल्यावर त्यातून गरम पाणी फिरले होते याबद्दल दुमत नाही. जवळच व्हरेडफोर्ट इथे २०२ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड उल्का आदळली. तिने सगळा परिसर हलवून टाकला.

वाद मिटवायला घड्याळ हवे, आणि सोन्यात घड्याळ नाही, हे आपण पाहिले. पण सोने शंभर टक्के शुद्ध नसते. त्यात ऱ्हेनियम आणि ऑस्मियम या धातूंचा अगदी पुसट अंश असतो. ऱ्हेनियमचा एक प्रकार ऑस्मियममध्ये बदलत असतो. निम्मा व्हायला त्याला चार हजार कोटींहून अधिक वर्षे लागतात. विश्वाच्या वयाच्या तिप्पट. एवढ्या सावकाश चालणाऱ्या घड्याळाचा काटा किती हलला, ते सोन्याच्या कणातल्या नखभरही नसलेल्या अंशावरून मोजायचे. जेसन कर्क, होआकिन रुइझ आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनात ते मोजले. २००२ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी जाहीर केले: सोन्याच्या कणांचे वय ३०३ कोटी वर्षे. गोट्यांचे थर साचले २८९ ते २७६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सोने थरांहून जुने! जे थरांच्या आधी अस्तित्वात होते ते थरांत नंतर तयार झाले असे कसे म्हणणार? ते कुठल्यातरी जुन्या डोंगरातून झिजून, नदीतून वाहत आले.

नदीवाल्यांनी गुलाल उधळला, आणि माझ्या मते तसा त्यांचा हक्कही होता. तरी भांडण संपले नाही. ऱ्हेनियम-ऑस्मियमचे अंश खरोखर सोन्यातले की त्याला चिकटलेल्या दुसऱ्या कणांतले, अशी शंका घेतली गेली. सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या फटींचे काय, हाही प्रश्न होताच. आज बहुतेकांना पटलेले उत्तर दोन्हींच्या मधले आहे: नदीने आणले, गरम पाण्याने नंतर थोडे हलवून पुन्हा बसवले. मामूंच्या भाषेत सांगायचे तर गाळ एकदा परातीत धुतला गेला आणि नंतर कुणीतरी परात हलवली. कुणी किती हलवली यावर अजून निबंध निघतात.

या सगळ्या गोष्टी ऐकून वाटते, की सोने आणून ठेवायचे काम फार पूर्वीच आटोपले. तसे नाही. पापुआ न्यू गिनीतल्या लिहिर बेटावर लाडोलाम नावाची सोन्याची खाण आहे, निवलेल्या ज्वालामुखीच्या कटाहात. निवलेला म्हणायचा तो नावापुरता. खाणीत आजही वाफेच्या आणि कढत पाण्याच्या विहिरी आहेत. स्टुअर्ट सिमन्स आणि केविन ब्राउन यांनी एक किलोमीटरहून खोल जाऊन ते पाणी वर येण्याआधीच बाटलीत धरले. वर आणताना वाटेतच सोने नळाला चिकटून बसते, म्हणून ही खटपट. २००६ साली त्यांनी हिशेब छापला. पाण्यात सोने शंभर कोटी भागांत जेमतेम पंधरा भाग. पण पाणी इतके, की वर्षाला २४ किलो सोने वर येते. तेथली सुमारे तेराशे टनांची ठेव साठायला या वेगाने ५५ हजार वर्षे पुरतात. तोवर माणूस पृथ्वीवर होता. हट्टीच्या अडीचशे कोटींपुढे ही म्हणजे काल दुपारची गोष्ट.

वर्षाला २४ किलो म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅम. जुन्या तोळ्याने साडेपाच तोळे. बेटाखालच्या कढत पाण्यातून तेवढे सोने आज सकाळपासूनही वर चढते आहे.